पुढचा ब्रेक दाबायचा की नाही?

गेल्या वर्षी आषाढातली गोष्ट. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, एकदा लागला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. माझी धाकटी पुतणी संध्याकाळी क्लासहून सायकलवरून घरी येत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी छोटासा उतार आहे. तिथे बोळातून भाजीची हातगाडी अचानक बाहेर आली. तिने ब्रेक दाबला, मागचं चाक घसरून आडवं गेलं आणि ती सायकलसकट गाडीच्या चाकावर जाऊन आदळली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

दवाखान्यातून आल्यावर ती म्हणाली, "काका, मी पुढचा ब्रेक अजिबात दाबला नाही. तुम्ही शिकवलेलं तसंच केलं."

त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. कारण ते खरं होतं. तिला सायकल मीच शिकवली होती आणि पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, तोंडावर पडशील." मला हेच माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. तुमच्याही घरात कुणीतरी सांगितलंच असेल. मी तीस वर्षं उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलं, यंत्रांचे ब्रेक उघडून दुरुस्त केले, पण सायकलच्या ब्रेकचा विचार कधी केला नाही. तो त्या रात्री पहिल्यांदा केला. तोच इथे मांडतो.

ओझं पुढे सरकतं

बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो. सायकलवरही तेच होतं. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण सायकलला जमिनीपाशी मागे ओढतं, पण आपलं अंग त्याच्या मीटरभर वर असतं आणि ते पुढेच जाऊ पाहतं. त्यामुळे ओझं मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतं.

समजा, स्वार आणि सायकल मिळून ८० किलो भरतात. नेहमीच्या सरळ बसायच्या सायकलवर, ब्रेक न लावता, मागच्या चाकावर साधारण ४५ किलो आणि पुढच्यावर ३५ किलो येतात. आता ब्रेक इतका जोरात लावला की ताशी २० किलोमीटरचा वेग तीन-सव्वातीन मीटरमध्ये संपेल. त्या क्षणी मागच्या चाकावर जेमतेम चार किलो उरतात. बाकी सगळं पुढे.

ज्या चाकावर चार किलोच ओझं आहे, ते रस्त्याला धरणार तरी किती? म्हणून एकटा मागचा ब्रेक कितीही दाबला तरी एका हद्दीपलीकडे सायकल थांबत नाही. चाक जाम होतं आणि घसरतं. घसरणाऱ्या चाकाला दिशा राहत नाही, ते डावी-उजवीकडे कुठेही जातं. पुतणीचं नेमकं हेच झालं.

कोरड्या डांबरी रस्त्याचा हिशोब पाहा. वेग ताशी २०. फक्त मागचा ब्रेक उत्तम वापरला, तरी थांबायला सहा मीटरच्या वर लागतात. पुढचा नीट वापरला तर त्याच्या निम्मे. या दोन्हींत, गाडी दिसल्यापासून बोटं लिव्हरवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर साडेपाच मीटर वेगळेच. उरलेल्या अंतरात जो तीन मीटरचा फरक आहे, तो जवळजवळ दोन सायकलींच्या लांबीएवढा. हातगाडी त्याच तीन मीटरांत उभी होती.

मग वाडवडील खोटं सांगत होते का?

नाही. पुढचा ब्रेक जास्त दाबला तर मागच्या चाकावरचे ते चार किलोही संपतात, चाक उचललं जातं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. हे भय सायकलच्या जन्मापासूनचं आहे.

पुढे प्रचंड मोठं आणि मागे इटुकलं चाक असलेली जुनी सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. तिचा स्वार पुढच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर बसलेला असे. चाक एखाद्या दगडाला अडलं तरी तो सरळ तोंडावर येई. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. तिची दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन आणि स्वार दोन चाकांच्या मध्ये, खाली बसलेला. अशा सायकलला तेव्हा नावच पडलं 'सेफ्टी'. आपण आज चालवतो ती सायकल तिचीच वारस. म्हणजे सायकल सुरक्षित झाली ती आधी ब्रेकमुळे नव्हे, बसण्याच्या जागेमुळे.

यातली मेख लक्षात घ्या. सायकल कधी पालथी होईल हे ब्रेक किती महागाचा आहे यावर ठरत नाही. आपलं वजन जमिनीपासून किती उंच आणि पुढच्या चाकापासून किती मागे आहे, यावर ठरतं. अंग मागे आणि खाली घेतलं की ती हद्द वाढते. हात सैल सोडून पुढे झुकलं की कमी होते. पुष्कळदा तर चाक उचलायच्या आधीच, हात ताठ धरले नाहीत म्हणून अंग हँडलवर फेकलं जातं आणि दोष ब्रेकला मिळतो.

दांड्याच्या ब्रेकपासून डिस्कपर्यंत

माझ्या वडिलांची काळी सायकल दांड्याच्या ब्रेकची. हँडलखालची मूठ आवळली की लोखंडी दांडे वर ओढले जात आणि रबरी गुटके रिमच्या आतल्या बाजूवर टेकत. रचना दणकट, वर्षानुवर्षं चाले. पण रिम पोलादी, वर चकचकीत मुलामा. कोरडी असताना ठीक, भिजली की रबर तिच्यावरून नुसतं सरकायचं. चाकाच्या काही फेऱ्यांत पाणी पुसलं गेलं की मग अचानक पकड यायची. आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळं, असा ब्रेक पुढच्या चाकावर असेल तर वडील काय शिकवणार? "हात लावू नको" हेच. त्यांचा सल्ला त्यांच्या सायकलपुरता शहाणपणाचा होता. चूक माझी, की मी तो तसाच्या तसा नव्या सायकलवर चालवला.

पुढे तारेवर चालणारे चिमट्यासारखे कॅलिपर ब्रेक आले. अॅल्युमिनियमची रिम आली आणि पावसातली पकड पुष्कळ सुधारली. १९९६ मध्ये शिमानो कंपनीने व्ही-ब्रेक बाजारात आणला. दोन लांब भुजा काट्यावर बसवलेल्या, थोड्या ताकदीत जास्त दाब. आज मुलांच्या बहुतेक सायकलींवर हाच किंवा याचीच भावंडं दिसतात.

आता डिस्क ब्रेकची हौस आहे. तबकडी चाकाच्या मध्यभागी असते, डबक्यातल्या पाण्यापासून आणि चिखलापासून लांब. त्यामुळे पावसात ती बरीच एकसारखी पकडते, रिम झिजत नाही, चाकाला थोडा आऊट आला तरी ब्रेक अडत नाही. पण दुकानात डिस्क पाहून भुलू नका. तारेवरची स्वस्त डिस्क नीट बसवलेली नसेल, तर ती चांगल्या व्ही-ब्रेकपुढे फिकी पडते. तबकडीला तेलाचं बोट जरी लागलं तरी पकड जाते. आणि ओझ्याचा तो हिशोब डिस्कलाही चुकत नाही.

चांगल्या ब्रेकची खरी परीक्षा ताकदीची नाही. बोटाने थोडं दाबलं तर थोडं धरावं, जास्त दाबलं तर जास्त, मध्ये धक्का नसावा. बोटाला कळतं तेवढंच चाकाला कळलं पाहिजे.

चूक होऊ नये अशी रचना करता येते का?

घाबरलेलं मूल विचार करत नाही, हाताला लागेल ते आवळतं. म्हणून रचनाकारांनी हा विचार ब्रेकमध्येच घालायचा प्रयत्न केला.

आपल्याकडच्या स्कूटरवर तो रोज दिसतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस, म्हणजे जोडब्रेक, सक्तीचा झाला. त्याहून मोठ्यांना एबीएस. स्कूटरचा डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. चालवणाऱ्याला पत्ताही नसतो.

सायकलसाठी अमेरिकेत 'शुअरस्टॉप' नावाची रचना निघाली, ती मला फार आवडली. लिव्हर एकच, आणि तो मागचा ब्रेक लावतो. मागचा गुटका मात्र पक्का बसवलेला नसतो, पुढे-मागे थोडा सरकू शकतो. गुटका रिमला टेकला की फिरतं चाक त्याला पुढे ओढतं आणि त्या सरकण्याने पुढच्या ब्रेकची तार खेचली जाते. म्हणजे पुढचा ब्रेक किती लावायचा हे मागचं चाक ठरवतं. मागचं चाक हलकं होऊन पकड सुटू लागली, की गुटक्याची ओढ कमी होते आणि पुढचा ब्रेकही आपोआप सैल पडतो. ना बॅटरी, ना सेन्सर. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला असलं काही पाहिलं की टोपी काढावीशी वाटते.

याला दुसरी बाजू आहेच. एकाच लिव्हरवर सगळं सोपवलं आणि ती तार तुटली, तर हातात काही उरत नाही. दोन वेगळे ब्रेक म्हणजे एक गेला तरी दुसरा आहे. महागड्या विजेच्या सायकलींसाठी बॉश कंपनीने २०१८ मध्ये एबीएस आणला, पण ते आपल्या मुलांच्या सायकलपासून अजून लांब आहे. तोवर एबीएस आपल्या बोटांतच बसवावा लागेल.

मैदानावरचे तीन धडे

प्लास्टर निघाल्यावर पुतणी सायकलला हात लावेना. वहिनीही म्हणाल्या, "भावजी, पुरे झालं आता. रिक्षा लावून देऊ." मी त्यांच्याकडे एक रविवार मागून घेतला.

पहिला धडा चालत. सायकल शेजारी धरून चालायचं आणि फक्त मागचा ब्रेक दाबायचा. चाक जाम होऊन फरफटतं. मग फक्त पुढचा. सायकल जागच्या जागी थांबते आणि मागचं चाक उचललं जातं. तिने ते पाच-सहा वेळा केलं आणि म्हणाली, "म्हणजे थांबवतो तो हाच!" माझी अख्खी शिकवणी त्या एका वाक्यात आली.

दुसरा धडा संथ गतीने. कोरड्या, सपाट जागी, हँडल सरळ ठेवून, फक्त दोन बोटांनी पुढचा ब्रेक हळूहळू आवळायचा. झटका द्यायचा नाही. ओलं फडकं पिळतो तसं, दाब वाढवत न्यायचा.

तिसरा धडा दोन्ही ब्रेकचा. पॅडल समपातळीत, कोपरं घट्ट, बूड सीटवर मागे. दोन्ही ब्रेक एकदम लावायचे, पुढच्यावर दाब वाढवत न्यायचा. मागचं चाक घसरू लागलं की ती सूचना समजायची आणि पुढचा जरा सैल सोडायचा. वळणावर, वाळूवर, ओल्या पानांवर, रस्त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवर पुढचा ब्रेक जपून. तिथे पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. पावसात उताराच्या आधीच ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यायची.

रविवारची दहा मिनिटं

घरातली सायकल आजच तपासा.

- लिव्हर पूर्ण आवळल्यावर हँडलला टेकता कामा नये. मध्ये दोन बोटांची जागा हवी.
- गुटके रिमवर बसले पाहिजेत. टायरला घासत असतील तर टायर फाटतो.
- गुटक्यांवरच्या खाचा बुजल्या असतील तर जोडी बदला. खर्च फार नसतो.
- तारेचा एक धागा जरी सुटलेला दिसला तरी तार बदला.
- रिम स्वच्छ फडक्याने पुसा. चेनला तेल घालताना रिमवर किंवा तबकडीवर थेंब उडू देऊ नका.
- मुलाची बोटं लिव्हरपर्यंत पोचतात का पाहा. बऱ्याच लिव्हरना एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो.
- आपल्याकडे बहुधा उजवा लिव्हर पुढचा असतो, स्कूटरसारखाच. दुसऱ्याची सायकल घेतली तर आधी दाबून खात्री करा.

पुतणी आता पुन्हा सायकलनेच क्लासला जाते. यंदा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो, छत्री घेऊन, दूध आणायच्या निमित्ताने. ती उतारावर आली, आधीच वेग कमी केला, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं लिव्हरवर. बोळापाशी थांबली, एक पाय टेकवला, दोन्हीकडे पाहिलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, दूध डेअरीत मिळतं, इथे नाही."