कर्ता आधी, सृष्टी मागून

देवावरच्या श्रद्धेला तर्काचा आधार देण्याची ज्यू धर्मातील परंपरा जुनी आहे. बगदादच्या सादिया गाओन यांनी इ.स. ९३३मध्ये अरबीत लिहिलेला ‘श्रद्धा आणि मते’ हा तिचा एक पायाभूत ग्रंथ. जग मर्यादित आहे, म्हणून त्याला आरंभ आहे; आणि कोणतीही वस्तू स्वतःला घडवू शकत नाही, कारण घडण्याआधी तिच्याजवळ शक्ती नसते आणि घडल्यावर गरज उरत नाही. म्हणजे कर्ता वेगळा, असा हा नितळ युक्तिवाद.

असाच विचार मराठीतही भेटतो. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला व कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी श्रद्धा आहे. त्याच्या आठव्या दशकाच्या पहिल्याच समासात हीच वाट दिसते. भांड्यांआधी कुंभार असतो, भांडी म्हणजे कुंभार नव्हे. तसाच देव सृष्टीच्या आधीचा.

पुढे वाटा फुटतात. समर्थ सृष्टीला माया ठरवून जीवब्रह्माच्या ऐक्याकडे जातात. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीस मात्र निर्माता आणि निर्मिती कायम वेगळी ठेवतात. तरीही देव काय आहे हे न सांगता काय नाही एवढेच सांगावे, हे त्यांचे मत उपनिषदांतील ‘नेति नेति’च्या फार जवळ येते. रायगड जिल्ह्यातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजाने हाच एकेश्वरी ज्यू धर्म पिढ्यान्‌पिढ्या जपला.