आगबोटीच्या डेकवर काय काय मांडावे?

दौलताबादच्या माणसाने आगबोटीवर बोलायला उभे राहावे, यात थोडा विनोद आहे हे मला मान्य आहे. आपल्याकडे किल्ल्याचा खंदक आहे, हत्ती हौद आहे. समुद्र पाहायचा तर घाट उतरून जावे लागते. मी काही जहाजबांधणीचा पंडित नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत, करारांच्या मसुद्यांत आणि जुन्या बाजारात वजनावर घेतलेल्या पुस्तकांत. तरुणपणी काही वर्षे मुंबईला भाऊच्या धक्क्यावर ओझी वाहिली, तेवढाच माझा समुद्राशी संबंध. तिथे जेवणाच्या सुट्टीत म्हातारे हमाल ‘रामदास’ बोटीची गोष्ट सांगत. ती डोक्यातून गेली नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एका प्रवासी आगबोटीची प्रतिकृती करायला घेतली. ती बाजारातल्या तयार संचाची नव्हे. ओंडक्यापासून हाताने केलेली आहे.

‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडात स्वान हंटर यांच्या गोदीत बांधली गेली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. मुंबईपासून अवघ्या काही मैलांवर वादळी पावसात लाटेने ती कलली, प्रवासी जीव वाचवायला एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेवर माणसे गेली. कोळी बांधवांच्या मचव्यांनी काहींना वर काढले म्हणून तेवढे तरी वाचले. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते. त्या गडबडीत हे दुःख कोकणाबाहेर फारसे पोहोचलेच नाही.

माझी प्रतिकृती म्हणजे ‘रामदास’ची हुबेहूब नक्कल नव्हे. लांबी-रुंदी तिची घेतली आणि बाकी रचना कोकण किनाऱ्यावर चालणाऱ्या त्या जातीच्या बोटींची ठेवली. माप सुटसुटीत आहे: पाव इंच म्हणजे एक फूट. खऱ्या बोटीच्या अठ्ठेचाळिसावा हिस्सा. म्हणजे लांबी ३ फूट पावणेनऊ इंच आणि रुंदी सव्वासात इंच. सांगाडा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, आतून कोरलेला. त्यावर बोलत बसत नाही. कोणताही चांगला सुतार तेवढे करील. खरी परीक्षा पुढे, डेक मांडताना लागते.

पहिली गोष्ट, डेक सपाट नसते. आपण पाटावर वाटी ठेवतो तशी कल्पना करून चालत नाही. मधून ती किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरती असते, म्हणजे पाणी आपोआप कडेला जाते. जुना ठोकताळा असा की, रुंदीच्या पन्नासाव्या भागाइतका फुगवटा द्यावा. २९ फुटांना सुमारे सात इंच. माझ्या बोटीत साडेतीन-पावणेचार मिलिमीटर. एवढ्याशा उतारासाठी मी पातळ प्लायवूड रात्रभर वाफेवर धरून वाकवले. शिवाय लांबीतही डेक पुढे आणि मागे उचललेली असते. कडेला लाटा अडवणारी भिंत असेल, तर तिला खाली पाणी निसटायला दारे ठेवावी लागतात. ही दारे दिसायला कुरूप दिसतात आणि हौशी कारागीर ती रंगवून भागवतात. तसे करू नये. कानस घेऊन आरपार कापावीत. का, ते पुढे येईल.

मग फळ्या. खऱ्या डेकची फळी पाचएक इंच रुंद असते; आपल्या मापात अडीच मिलिमीटरची पट्टी. मी जुन्या दाराच्या सागवानातून अशा पट्ट्या काढल्या. दोन फळ्यांमधल्या फटीत खलाशी काथ्या ठासून वर डांबर ओततात, ती काळी रेघ दाखवायला मी आपल्या कागजीपुऱ्याचा हातकागद शाईत बुडवून वापरला. प्रत्येक पट्टीची एक कड त्याला चिकटवून मग पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या आणि वरून तासल्या. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत; विटांच्या बांधकामाचा नियम इथेही लागतो. त्या रेघा पाहून आमच्या कागजीपुऱ्याच्या कारागिराने विचारले, “आमचा कागद समुद्रावर गेला का?” गेला म्हणायचा.

कठडा साडेतीन फुटांचा, म्हणजे इंचाला थोडा कमी. उभ्या खांबांना टाचण्या, आडव्या गजांना मोटार भरणाऱ्या मुलाने दिलेली तांब्याची तार. हवा आत घेणारे भोंगे, नांगराचे दोर गुंडाळायचे खुंट, मालाच्या तोंडावरची चौकट, ताडपत्री बांधायचे खांब, प्रवाशांची बाके: ही सगळी कामे चिकाटीची आहेत, अवघड नाहीत. आगपेटीच्या काड्यांची बाके करताना बायको म्हणाली, “घरात चूल पेटवायला काडी ठेवाल की नाही?”

शेवटी संकटकाळच्या होड्या आल्या आणि तिथे माझी चूक झाली.

मी हौसेने सहा होड्या केल्या, भरीव सागवानाच्या, सहा-सहा इंच लांब. त्या वरच्या डेकवर लटकवल्या आणि शेतातल्या हौदात बोट सोडली. आदल्या आठवड्यात उभी तरंगणारी बोट आता डुलू लागली. एका बाजूला झुकली की उठायला वेळ लावी. मी तागडी आणली. एकेक होडी सुमारे ५५ ग्रॅमची; सहा मिळून ३३० ग्रॅम. आता मापाचा हिशेब पाहा. लांबी अठ्ठेचाळीस पटींनी कमी झाली, तर वजन अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे १,१०,५९२ पटींनी कमी व्हावे लागते. दीड टनाची खरी होडी माझ्या बोटीवर १४ ग्रॅमचीच हवी. मी चौपट वजन डोक्यावर चढवले होते, आणि तेही जीव वाचवण्याच्या साधनांच्या नावाने.

हे माझ्या हौदात झाले म्हणून हसण्यावारी गेले. शिकागोच्या नदीत तसे झाले नाही. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर २,२०० हून अधिक माणसे होती आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. त्यानंतर जगभर मागणी उठली की होड्या वाढवा. अमेरिकेत खलाशांचे पुढारी अँड्र्यू फ्युरुसेथ यांनी वर्षानुवर्षे झगडून मार्च १९१५ मध्ये खलाशांचा कायदा मंजूर करून घेतला. त्यात खलाशांचे हक्क होते, आणि होड्यांची सक्तीही होती. मी संघटनेचा माणूस. त्या कायद्याला मी आजही हात जोडतो. पण ‘ईस्टलँड’ नावाची प्रवासी बोट मुळातच डोक्याने जड होती. तिच्यावर त्या जुलैच्या आरंभी जादा होड्या आणि तराफे चढवण्यात आले. २४ जुलैला सकाळी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे कामगार बायकामुलांसह सहलीला निघाले होते. अडीच हजारांवर माणसे चढली. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच कलंडली आणि आडवी झाली. नदी जेमतेम वीस फूट खोल, काठ काही हातांवर. आणि ८४४ माणसे मेली. होड्या हव्यात हे म्हणणारे बरोबर होते. त्या चढवल्यावर बोट उभी राहील का, एवढे गणित कोणी मांडले नाही. आमच्या चळवळीच्या पुस्तकांत कायद्याचे पान ठळक असते, हे पान क्वचित सापडते. म्हणून इथे सांगितले.

मग कोणी म्हणेल, प्रत्येकाला होडीत जागा द्यायची कशी? जुन्या नियमाने माणशी दहा घनफूट धरतात. २४ फुटी होडीत बत्तीसेक माणसे. सातशे प्रवाशांना बावीस होड्या लागतील. त्या ओळीने लावल्या तर ५२८ फूट होतात आणि १७९ फुटांच्या बोटीच्या दोन्ही कडा मिळून ३५८. जागाच नाही! म्हणून अशा बोटींवर तरती बाके, तराफे आणि अंगात घालायची जाकिटे यांवर भिस्त ठेवावी लागते. बाक म्हणजे केवळ बसायची सोय नव्हे. पोकळ पेटीवर फळी ठोकली की तोच तराफा. माझ्या बोटीवरची आगपेटीची बाके मी काढून टाकली आणि कागदी पेट्यांची केली. होड्याही लाकडी साच्यावर हातकागदाचे थर देऊन पोकळ घडवल्या, चौदा-चौदा ग्रॅमच्या. कागजीपुऱ्याचा कागद दुसऱ्यांदा समुद्रावर गेला.

आता डेकवरची सर्वांत जड वस्तू राहिली. ती बांधूनही ठेवता येत नाही. ती म्हणजे माणसे. साठ किलोचा माणूस आपल्या मापात अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक भरतो. मी धान्य तोलून पाहिले. ज्वारी फार हलकी. मोठ्या काबुली चण्याचा दाणा जवळजवळ नेमका! सातशे चणे मोजून घेतले. साडेचारशे खालच्या डेकवर पसरले, अडीचशे वरच्या डेकवर, दोन्हीकडे सारखे. बोट थोडी खाली बसली आणि शांत उभी राहिली. नंतर वरचे अडीचशे हलक्या हाताने उजवीकडे सरकवले, पाऊस डावीकडून आला तर माणसे सरकतील तसे. बोट कलली, कठड्याखालची कड पाण्यापासून बोटभर उरली. पुढे एक भांडे पाणी खालच्या डेकवर ओतले. दारे उघडी असताना ते निथळून गेले. दारांवर चिकटपट्टी लावून तेवढेच पाणी पुन्हा ओतले, तेव्हा ते सगळे कललेल्या बाजूला धावले, त्याच्यामागे चणे घसरले, आणि बोट आडवी झाली. मी मोजत होतो; सहा आकडे झाले नव्हते.

या खेळावरून ‘रामदास’चा पंचनामा होत नाही, हे मी स्वतःच सांगतो. हौदात लाट नसते, आणि चणा घाबरत नाही. पण कारखान्यात माळ्यावर माल चढवताना, यात्रेला ट्रकच्या टपावर माणसे बसवताना, आम्ही वजन किती ते विचारतो. ते किती उंचावर आहे आणि सरकेल का, हे विचारत नाही. एका कारखान्यात माळा खचून आमचे दोघे जायबंदी झाले, तेव्हा चौकशीच्या कागदावर फक्त टनांचा आकडा होता.

म्हणून आता माझ्या बोटीच्या वरच्या डेकवर मी मधोमध, नाळेपासून मागेपर्यंत, एक अडसर घातला आहे. त्याने चणे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सहज जात नाहीत. बाके आडवी न लावता पाठीला पाठ लावून त्या अडसराला टेकवली आहेत. दिसायला बोट पूर्वीइतकी ऐटदार राहिली नाही, हे खरे. ती बाहेर टेबलावर ठेवली आहे, शेजारी पाण्याचे टपही आहे. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी जरूर पाहावे. मुलांना एवढेच सांगा की चणे मोजलेले आहेत, खाऊ नयेत.