आईच्या उठाबशा

गणेशोत्सवात आरती झाल्यावर सतरंजीवर बसलेली माणसं कशी उठतात, हे कधी पाहिलंय? मुलं टुणकन उठतात. आमच्यासारखे मध्यमवयीन गुडघ्यावर हात टेकून, "आई गं" म्हणत उठतात. आणि भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी आपण आधीच खुर्च्या मांडून ठेवलेल्या असतात. यात प्रेम आहे, शंकाच नाही. पण त्या प्रेमाचा हिशेब तपासायची वेळ आमच्यावर गेल्या हिवाळ्यात आली.

आई सहा महिन्यांसाठी इथे अमेरिकेत आली होती. वय 76. डिसेंबरात न्यूमोनिया झाला, दहा दिवस हॉस्पिटलात गेले. घरी आली तेव्हा छाती साफ झाली होती, पण सोफ्यावरून उठता येईना. आम्ही आपली नेहमीची सेवा सुरू केली. चहा हातात, ताट हातात, वर "तू पडून राहा." आठवड्याने घरी आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही यांना आणखी अशक्त करताय." आम्हाला राग आला. मग थोडं वाचन केलं, आणि राग ओसरला.

स्नायू हा मोठा काटकसरी गृहस्थ. त्यातली प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नव्याने बांधली जातात. काम असेल तर बांधकाम जोरात, नसेल तर मोडतोड वरचढ. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सरासरी 67 वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचा, चरबी सोडून, जवळजवळ एक किलो ऐवज गेला. आमची आई तर वर आजारीही होती!

पण गेलेलं परत येतं का? याचं उत्तर बोस्टनमध्ये 1990 साली मिळालं. डॉ. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. व्यायाम पुरा करणाऱ्यांच्या पायातली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू 9 टक्क्यांनी भरला, आणि दोघांनी काठी सोडली. नव्वदीत! मात्र व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत ताकद पुन्हा बरीच उतरली, हेही त्यांनी नोंदवलं.

ताकद 174 टक्के आणि स्नायू फक्त 9 टक्के, हे गणित कसं जुळतं? सुरुवातीची वाढ मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंची असते. झोपी गेलेले स्नायुतंतू एकदम आणि एका तालात कामाला लावायला ते शिकतात. आईचंही तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात ती हात न टेकता उठली, तेव्हा तिचे पाय होते तितकेच बारीक होते.

खरी भर त्यानंतर पडते. तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. आहेत तेच जाड होतात. प्रत्येक तंतूच्या कडेला काही राखीव पेशी बसलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 साली त्या प्रथम दाखवल्या. तंतूवर ताण पडला की त्या जाग्या होतात, दुरुस्तीला धावतात आणि तंतूला आपली पेशीकेंद्रं देतात. माल मात्र आपण पुरवायचा. भाताचा डोंगर आणि वरणाचं तळं असं ताट असेल, तर ते प्रमाण उलटं करायला हवं.

चालणं, पोहणं, सायकल यांचा परिणाम वेगळा. त्याने तंतू फारसे जाडावत नाहीत, पण आतल्या भट्ट्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात आणि भोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. सेंट लुईसमध्ये जॉन होलोझी यांनी 1967 साली उंदरांना पट्ट्यावर धावायला लावून हे दाखवलं. काही आठवड्यांत त्यांच्या स्नायूंतली ऑक्सिजन वापरायची क्षमता सुमारे दुप्पट झाली. म्हणून नुसतं चालणं पुरत नाही आणि नुसती वजनंही पुरत नाहीत. दोन्ही लागतात.

आपल्या लोकांना तर जास्तच. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! सडपातळ दिसणाऱ्या आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि मधुमेह तिथेच दबा धरून बसतो. काम करणारा स्नायू मात्र इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो.

आईचा व्यायाम अगदी साधा होता. भिंतीला टेकवलेली खुर्ची, उठायचं, बसायचं; आधी पाच वेळा, मग दहा, दिवसातून तीनदा. ते सोपं झालं की खुर्ची थोडी बुटकी. ताण हळूहळू वाढला नाही तर स्नायूला बदलायचं कारणच उरत नाही. श्वास रोखायचा नाही, आणि हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या दिवशी आई वैतागून म्हणाली, "शाळेत मास्तर उठाबशा काढायला लावायचे, आता म्हातारपणी तुम्ही!"

एप्रिलमध्ये ती परत गेली. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवली होती, ती तिने हँडबॅग ठेवायला वापरली.

तेव्हा यंदाच्या गणपतीत एक करू या. ज्यांना जमतं त्यांना खुर्ची देण्याची घाई नको. हात पुढे करू या, पण उठू त्यांनाच देऊ या. आणि आपणही गुडघ्यावर हात न टेकता उठून बघू या. आम्हाला अजून जमत नाही. सराव चालू आहे.