शनिवार-रविवारचे विद्यापीठ : घरातील शाळकरी मुला-मुलींसाठी

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मानवत रोडच्या अलीकडे पेडगाव हे स्टेशन लागते. या गावातील शेतकऱ्याला परभणीचे कृषी विद्यापीठ काही नवे नाही. सोयाबीनचे किंवा तुरीचे बियाणे, बायोमिक्स, एखाद्या रोगाविषयी सल्ला, अशा कामासाठी त्याची चक्कर होतेच. परंतु त्याच घरात आठवी-नववीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कधी गेली आहे काय, असे विचारले तर उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. शाळेची सहल वेरूळला जाते, औंढ्याला जाते. जवळचे विद्यापीठ मात्र राहून जाते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, सुटीच्या दिवशी शाळकरी मुलांनी विद्यापीठात जाऊन शिकावे ही कल्पना ऐकायला शहरी वाटते. शिकवणी वर्गाचाच आणखी एक प्रकार, असेही वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात या वर्गांना परीक्षा नसते, गुण नसतात. शाळेत जे पुस्तकात वाचले ते हाताने करून पाहणे आणि जो माणूस त्या विषयात रोज काम करतो त्याला प्रश्न विचारणे, एवढेच तेथे असते.

आपल्या राज्यातील चांगले उदाहरण पुण्याचे आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात सन १९८८ मध्ये 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था सुरू झाली. तेथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी प्रात्यक्षिकांसह व्याख्याने ठेवण्याची प्रथा पडली. संस्थापक संचालक कै. डॉ. जयंत नारळीकर यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. मुले सही मागायला आली की ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल, असे ते सांगत आणि त्याप्रमाणे उत्तरे पाठवीत. ही पोस्टकार्डाची युक्ती आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

ओहायोतील मक्याची मुले

शेतीतले उदाहरण यापेक्षा बरेच जुने आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड या गावी ए. बी. ग्रॅहॅम नावाचे शाळांचे अधीक्षक होते. जानेवारी १९०२ मध्ये त्यांनी खेड्यातील मुला-मुलींना सरकारी इमारतीच्या तळघरात एकत्र बोलावले. पुढे ही मुले महिन्यातून एका शनिवारी जमू लागली. मक्याचे निवडक बियाणे घरी नेऊन छोट्या तुकड्यात लावायचे, भाजीपाला करायचा, लिटमस कागदाने जमीन तपासायची आणि जे दिसले ते लिहून आणायचे, असा त्यांचा अभ्यास होता. राज्याच्या कृषी महाविद्यालयाने आणि संशोधन केंद्राने या कामाला हातभार लावला. पुढे याच चळवळीला 'फोर-एच' हे नाव मिळाले. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

त्या काळी तेथील विस्तार कार्यकर्त्यांना एक गोष्ट दिसून आली. विद्यापीठाने शोधलेली नवी पद्धत वडीलधारे शेतकरी सहसा लगेच स्वीकारीत नसत. पण मुले ती करून पाहत, आणि मुलाच्या तुकड्यातले पीक डोळ्यांसमोर उभे राहिले की बापही तिकडे वळत असे. बांधावरच्या पिकाइतका पुरावा कोणत्याही भाषणात नसतो, हे आपल्याकडेही खरे आहे.

(लिटमसची नक्कल मात्र आपण करू नये. ओहायोत आम्ल जमिनीला चुना द्यायचा की नाही एवढे त्यावरून कळत होते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तेव्हा कागदावरून फारसे काही कळत नाही. मातीचा नमुना प्रयोगशाळेतच तपासावा.)

मग शनिवारच्या कामाचे काय ?

खरी अडचण आहे ती ही. शनिवारची अर्धी शाळा आणि रविवार म्हणजे घरात दोन जादा हात. सोयाबीनची खुरपणी असो की कापसाची वेचणी, मजूर मिळत नाही तेव्हा मुलांवरच भिस्त असते. मुलीच्या बाबतीत तर वेचणीखेरीज धाकटी भावंडे आणि चूलही असते. त्यामुळे 'विद्यापीठात जाऊन काय करणार ?' हा आईबापांचा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

सोयाबीनचेच घ्या. मृगाची पहिली सर पडली की चाड्यावर मूठ धरण्याची घाई होते. पाऊस दडी मारतो, उगवलेले करपते आणि दुबार पेरणी येते. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे असा सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. पेरणीयोग्य पाऊस म्हणजे ७५ ते १०० मि.मी. अशी शिफारस आपण कित्येकदा ऐकली आहे. पण आपल्या शेतात किती पडला, हे किती घरांत मोजले जाते ? मंडळाच्या ठिकाणी पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असे नाही.

नववीच्या मुलाला हे काम सहज जमते. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा एक डबा घ्यावा. तोंड लहान की मोठे याने फरक पडत नाही, मात्र डबा वर-खाली सारख्याच रुंदीचा हवा. घर आणि झाडांपासून दूर, मोकळ्या जागी तो पक्का बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खाते मोजते त्याच वेळी, आतील पाण्याची उंची मोजपट्टीने पाहावी, वहीत लिहावी आणि डबा रिकामा करावा. पाणी १ सें.मी. असेल तर पाऊस १० मि.मी. झाला. एका एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी, हे गणित त्याला स्वतः करू द्यावे. विद्यापीठातील वेधशाळेत हेच काम पर्जन्यमापकाने कसे करतात ते एकदा त्याने पाहिले, की वहीतल्या आकड्यावर त्याचा आणि तुमचाही भरवसा बसेल.

दुसरे काम उगवणशक्तीचे. घरचे बियाणे वापरणाऱ्यांनी ते मे महिन्यातच उरकावे. बीजप्रक्रिया न केलेले १०० दाणे सरसकट घ्यावेत, चांगले-चांगले निवडू नयेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी उघडून मूळ आणि कोंब दोन्ही नीट असलेले दाणेच मोजावेत. असे तीन वेळा करून सरासरी काढावी. ७० किंवा अधिक उगवले तर एकरी २६ किलो बियाणे पुरते. ६५ आले तर २८ किलो आणि ६० आले तर ३० किलोच्या आसपास लागेल. त्याहूनही कमी आले तर दुसरे बियाणे पाहिलेले बरे. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ असते, पोते उंचावरून आदळले तरी अंकुर दुखावतो. ज्या मुलीने गोणपाटावर न उगवलेले दाणे स्वतः मोजले, ती बियाण्याचे पोते कोणाला आदळू देणार नाही.

कापूस उत्पादकांच्या घरी कामगंध सापळ्यातील गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजण्याचे कामही मुलांना देता येईल. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आले तर उपाययोजनेची वेळ झाली, असे समजतात. मोजणी मुलांनी करावी. फवारणीच्या जवळपास मात्र त्यांना अजिबात जाऊ देऊ नये.

जावे केव्हा आणि कसे ?

शनिवार-रविवारी विभागांना आणि प्रयोगशाळांना बहुधा सुटी असते. म्हणून मुलाला एकट्याने पाठवू नये. गावातील विज्ञान शिक्षकांनी आठ-दहा मुला-मुलींचा गट करावा, विस्तार शिक्षण संचालनालयाला पत्र लिहावे, कोणता विभाग पाहायचा ते कळवावे आणि दिवस ठरवून घ्यावा. एका भेटीत एकच विभाग पुरे. सगळे विद्यापीठ एका दिवसात पाहिले की मुलांच्या लक्षात फक्त खाऊ राहतो !

ठरलेले दोन दिवसही आहेतच. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, त्यामुळे खरीप मेळावा साधारणतः १८ मे रोजी भरतो. तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुटी असते. रब्बी मेळावा १७ सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, असतो. त्या दिवशी सकाळी शाळेत झेंडावंदन झाले की मुले मोकळी होतात. बियाण्यासाठी रांगेत तुम्हांला उभे राहावेच लागते. तेवढ्या वेळात मुलाने वही घेऊन दालनांतून फिरावे. परभणी शक्ती ही ज्वारी आपल्या साध्या ज्वारीपेक्षा वेगळी कशी, तिच्यात लोह आणि जस्त जास्त का, परभणी क्रांती भेंडीवर केवडा कमी का पडतो, हे ज्यांनी त्यावर काम केले त्यांनाच विचारता येते.

आणि आता ते पोस्टकार्ड. घरून निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्याच शेतातील एक प्रश्न कार्डावर लिहून घ्यावा. 'शेतीविषयी माहिती द्या' असा मोघम प्रश्न नको. 'आमच्या विहिरीजवळच्या पट्ट्यातील हरभरा दरवर्षी मर रोगाने का जातो ?' असा नेमका असावा. उत्तर तेथेच मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर कार्ड 'विस्तार शिक्षण संचालक, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी ४३१ ४०२' या पत्त्यावर टाकावे.

रोगट झाड दाखवायला न्यायचे असेल तर ते मुळासकट उपटून, माती झटकून वर्तमानपत्रात गुंडाळावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते वाफेने सडते आणि परभणीला पोहोचेपर्यंत ओळखू येत नाही.