भोपळा, सूत आणि मिरजेचा तंबोरा



आमच्या भजनी मंडळातल्या जुन्या वीणेचा भोपळा मागच्या कार्तिकात तडकला. कोणी म्हणालं, "टाकून द्या, आता मोबाईलवरच तंबोरा वाजतो." टाकण्याआधी आम्ही विचार केला, हे वाद्य बनतं कसं ते तरी समजून घेऊ. समजलं ते आज राळेगावच्या सगळ्या गटांना सांगतो.

वीणा, तंबोरा, सतार यांचं आपल्या राज्यातलं मोठं घर म्हणजे सांगली जिल्ह्यातलं मिरज. तिथे पटवर्धनांचं संस्थान होतं, गाण्याला राजाश्रय होता. गायक आले की वाद्यं आली आणि वाद्यं आली की दुरुस्तीची गरज आली. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचं काम शस्त्रं मागे पडली तसं कमी झालं. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला सुरुवात केली. तेच हात, काम बदललं. आजही त्यांच्या वंशातली घरं सतारमेकर म्हणून ओळखली जातात.

आता वाद्याकडे येऊ. खालचा गोल भाग म्हणजे खरा भोपळा. आपण भाजी करतो तो नव्हे, कडू भोपळा. तो खायचा नसतो, पोटात गेला तर विषबाधा होते. पण वाळला की कडक होतो आणि आत पोकळ राहतो, म्हणून आवाज घुमतो. पंढरपूर, मंगळवेढा भागातले शेतकरी तो पिकवतात. वेलावर असतानाच त्याला नीट टेकवून ठेवावं लागतं, नाहीतर आकार एका अंगाला जातो. पूर्ण वाळल्यावरच तो काढतात. कारागीर तो कापून पाण्यात भिजवतो, आतला गर काढतो आणि काड्यांचा ताण देऊन हवा तसा आकार देऊन पुन्हा वाळवतो. इथे घाई केली तर पुढे तडा जातो.

मग भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची तबली बसते, वर दांडी आणि खुंट्या. लाकूड बहुधा तूण नावाच्या झाडाचं असतं, वजनाला हलकं. तंबोऱ्याला चार तारा असतात. त्या तबलीवरच्या रुंद घोडीवरून जातात.

खरी करामत या घोडीवरच आहे. तिचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये कारागीर सुताचा बारीक दोरा सरकवतो. दोरा नेमक्या जागी आला की तारेतून भुंग्यासारखा भरलेला नाद उमटतो. याला जवारी म्हणतात. केसभर मागेपुढे झालं की आवाज मेला. मोजायला पट्टी नाही, कानच लागतो आणि तो कान वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. आपण कापूस पिकवणाऱ्या बाया, पण साध्या सुताला एवढा मान असतो हे आम्हालाही माहीत नव्हतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या शेजारच्या वायगावच्या हळदीला मिळालं, तसंच. म्हणजे दुसरीकडचा माल आता मिरजेचं नाव लावून विकता येत नाही. पण नाव वाचलं म्हणून काम वाचतंच असं नाही. यंत्राचा तंबोरा स्वस्त पडतो, त्याला जवारी लावावी लागत नाही. गिऱ्हाईक तिकडे वळलं, की कारागिराचा मुलगा दुसरा धंदा धरतो आणि शेतकरी भोपळ्याच्या जागी दुसरं पीक घेतो. हे तिघं एका तारेत बांधलेले आहेत. एक सुटला, की तिघांचं सुटतं.

आम्ही आमची वीणा टाकली नाही, दुरुस्तीला पाठवायची ठरवली. भेगा जोडता येतात, घोडी पुन्हा घासता येते. तुमच्या मंडळात जुनी वीणा किंवा एकतारी असेल, तर ती उन्हात ठेवू नका, ओल लागू देऊ नका, धान्याच्या पोत्याखाली दाबू नका. बिघडली तर आधी कारागिराला दाखवा. आणि घरातल्या लेकरांना एकदा त्या तारेला कान लावून ऐकू द्या.