फवारणीच्या टाकीतलं पाणी

गेवराई तालुक्यातल्या उमापूरला आमचं घर. अण्णांचं वय ७४. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा कणगीमागे ठेवलेली त्यांची चपटी मी उचलली, मोरीत ओतली आणि ती आणून देणाऱ्या पोरालाही दम भरला. बापाचं भलं व्हावं, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी अण्णांचे हात असे थरथरू लागले की चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. तिसऱ्या रात्री ते अंथरुणावर बसून घोंगडीवरच्या मुंग्या झटकत होते. घोंगडीवर एकही मुंगी नव्हती.

शेजारच्या आजी म्हणाल्या, बाहेरचं दिसतंय, कुणाला तरी दाखवा. आम्ही गाडी काढून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "दारू एकदम कुणी बंद केली?"

ओझं ओढणारा बैल सगळा जोर लावून पुढे झुकलेला असतो. जोत अचानक तुटलं तर तो तोंडावर पडतो. मेंदूचं तसंच होतं. दारू त्याला सुस्त करते, म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला शांत करणारी यंत्रणा मंद करतो आणि चेतवणारी वाढवत नेतो. नशेतही माणूस उभा राहावा यासाठी त्याने घातलेला हा जोर असतो. एके दिवशी दारूच काढून घेतली की जोर तसाच राहतो आणि ओझं गायब होतं. मग थरथर, घाम, झटके, भास. बहुधा दोन ते चार दिवसांत हे शिगेला पोहोचतं आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. माझ्या मायेने अण्णांना तिथवर नेलं होतं.

त्या दिवसापासून मी दारूबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, आणि शरीर किती अचाट गोष्ट आहे ते कळत गेलं. दारू पचवणारं एक विकर आपल्या पोटात आहे. सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी, माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजात त्यात एक बारीकसा बदल झाला आणि ते दारू ४० पट चांगली पचवू लागलं, असं २०१४ साली संशोधकांनी मांडलं. झाडाखाली पडून आंबलेली फळं खाणाऱ्या त्या पूर्वजाची ही देणगी असावी. ती आपल्याला वारशाने मिळाली; म्हातारपणी मात्र पोटातला हा पहारा ढिला पडतो.

त्याहून मोठा बदल पाण्यात होतो. दारू शरीरातल्या पाण्यात मिसळते, चरबीत जवळजवळ नाहीच. तरण्या पुरुषाच्या वजनात पाणी साधारण ६० टक्के असतं, सत्तरीत ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. ७० किलोच्या माणसात ४२ लिटरचे ३५ लिटर. १८० मिलीच्या चपटीवर ४२.८ टक्के छापलेलं असेल तर आत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध दारू असते. तेवढीच दारू, पाणी कमी. म्हणजे अंगातली तीव्रता २० टक्क्यांनी जास्त. बाटली तीच राहिली, माणूस बदलला.

अण्णांना हे कसं सांगावं, हा प्रश्न होता. "पन्नास वर्षं झाली, मला शिकवू नको," हे ठरलेलं उत्तर. मी विचारलं, "अण्णा, पंधरा लिटरच्या पंपाचं औषध बारा लिटर पाण्यात टाकलं तर?"

"कापूस करपंल की."

मग मी पाण्याचा हिशोब सांगितला. ते बराच वेळ आपल्या हाताच्या सैल कातडीकडे बघत राहिले. "म्हंजी माझी टाकी आटली म्हण," एवढंच बोलले.

यकृत तासाला साधारण ७-८ ग्रॅम दारू निस्तरतं. रात्री ८ ला संपवलेली चपटी पहाटे ४ पर्यंत रक्तात असते. तिच्यामुळे लघवीही जास्त होते. म्हातारा अंधारात उठतो, उठताक्षणी रक्तदाब खाली येतो, पाय उंबऱ्याला अडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. साखरेच्या काही गोळ्यांवर उपाशीपोटी दारू घेतली तर धोका आणखी छुपा. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलेलं असल्याने नवी साखर बनवत नाही. साखर उतरली की घाम येतो, बोलणं अडखळतं, तोल जातो. बघणारे म्हणतात, चढलीय, झोपू द्या. असं कधीही झोपू देऊ नका. आधी साखर तपासा.

मग अण्णांना अडवायचं की नाही? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मनोवस्थाही येतात. एखाद्याने उपचाराबद्दल घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयाची क्षमता नाही असं ठरत नाही, असं तो कायदा सांगतो. मला हे फार पटतं. मुंग्या झटकणारे अण्णा काही ठरवू शकत नव्हते, म्हणून त्या रात्री आम्ही ठरवलं. पुढे भान आलं, तेव्हा निर्णयही त्यांच्याकडे परत गेला.

म्हणजे घरच्यांनी हात बांधून बसायचं असंही नाही. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला साफ नकार देणाऱ्यांच्या घरच्या लोकांना शिकवण्यात आलं: भांडू नका, शुद्धीत असताना जवळ बसा, न पिलेल्या दिवसाचं कौतुक करा, पिलेल्या दिवशी वाद न घालता बाजूला व्हा, आणि तो तयार दिसेल त्या क्षणी दवाखान्याचा रस्ता दाखवा. अशा घरांतले जवळपास दोन तृतीयांश नकार देणारे स्वतःहून उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून घेरायला ज्या घरांना शिकवलं, त्या गटात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडणारे म्हातारे गावोगाव दिसतात. ती माळ कुणी जबरदस्तीने घातलेली नसते.

अण्णांनी माळ घातलेली नाही. महिन्यातून एकदा मात्र ते स्वतः म्हणतात, "चल, डॉक्टरला दाखवून येऊ," आणि मी काम टाकून जातो.

तुमच्या घरात रोज पिणारं म्हातारं माणूस असेल, तर बाटली ओतण्याआधी डॉक्टरांशी बोला. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येतं. हात थरथरून भास सुरू झालेच, तर १०८ ला फोन करा आणि सकाळ व्हायची वाट पाहू नका.