रोजची मजुरी रोज

कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाने कुत्र्याच्या शिक्षणावर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु या विषयाचा पहिला धडा आम्हांस एका कुत्र्यानेच दिला.

आमच्या चाळीत मोत्या नावाचा कुत्रा होता. एके संध्याकाळी हाका मारूनही तो येईना. पुष्कळ वेळाने आला, तेव्हा आम्ही त्यास छडी मारली. आमच्या मते ती उशिराबद्दलची शिक्षा होती. मोत्याचा हिशेब निराळा: जवळ गेलो आणि मार खाल्ला! पुढे एकदा तो भर रस्त्यात उभा असता समोरून ट्रक आला. आम्ही जिवाच्या आकांताने हाक मारली, तर तो उलट मागे सरला. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणूनच वाचला.

कुत्र्यास कळतो तो कृतीच्या पाठोपाठ येणारा परिणाम. ज्या कृतीमागून सुख मिळते ती प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकेतील थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून १८९८ साली मांडले. पुढे १९५१ साली स्किनर यांनी सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. योग्य कृती घडताच खेळण्याचा 'कट्' असा आवाज करून लगेच खाऊ द्यावा, अशी युक्ती त्यात होती. 'शाब्बास' हा शब्दही तेच काम करतो. मात्र तो त्याच क्षणी उच्चारला पाहिजे.

बसावयास शिकविणे सोपे आहे. हरभऱ्याएवढा खाऊ नाकाशी धरून हात हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते, मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताच 'शाब्बास' म्हणावे व खाऊ द्यावा. कृती जमू लागली की मग 'बस' हा शब्द जोडावा. पाच मिनिटांचा धडा, दिवसातून दोन-तीनदा, पुरे. आधी घरात, मग अंगणात, शेवटी रस्त्यावर. चॉकलेट, मनुका आणि कांदा मात्र कुत्र्यास विषारी. ते कधीही देऊ नये.

ही लाच नव्हे काय, असे कोणी विचारील. लाच कामाआधी दाखवितात. मजुरी काम झाल्यावर देतात. म्हणून चार-दोन वेळा खाऊ दाखविल्यावर रिकाम्या हाताने तीच खूण करावी व मजुरी मागाहून दुसऱ्या हाताने द्यावी. सवय पक्की झाल्यावर खाऊ अधूनमधून दिला तरी चालतो. शाब्बासकी मात्र थकवू नये. आणि 'ये' म्हणून बोलावून कधीही रागावू नये.

मोत्यास आम्ही पुन्हा शिकविले. जवळ आला की भाकरीचा तुकडा, मग तो कितीही उशिरा येवो. छडी मारावयास एक क्षण लागला होता. पहिल्या हाकेस तो पुन्हा धावत येऊ लागण्यास चार महिने लागले.